राखीव. हात लावू नये

४ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून नोंदी ठेवणार. घरात शंभर लिटर डिझेल आहे आणि ते कसं सांभाळायचं हे या गल्लीत फक्त मला कळतं.
जिन्याखालच्या खोलीत वीस-वीस लिटरचे पाच कॅन. यांनी जायच्या आधी स्वतः भरून आणले आणि झाकणं आवळून ठेवली. इथे लाईट मनाला येईल तेव्हा जाते. सासूबाईंचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, त्याची स्वतःची बॅटरी वीस मिनिटं टिकते. त्यानंतर जनरेटर, आणि जनरेटरला डिझेल. म्हणजे हे भावनेचं प्रकरण नाही. सुरुवातीलाच लिहून टाकते.

७ फेब्रुवारी
लायब्ररीतून इंधन साठवणुकीवरचं पुस्तक आणलं. तिथल्या बाईंनी विचारलं, हे तुम्हालाच हवंय ना? शिवणकामाचं कपाट पलीकडे आहे. सातवीनंतर मी शाळा पाहिली नाही, पण त्यांची चार कपाटं वाचून संपवली आहेत. त्यांनी फक्त कव्हरं घातली.

९ फेब्रुवारी
पुस्तकाचं सार. डिझेल थंड, अंधाऱ्या जागी ठेवावं. कॅन भरलेला हवा. रिकाम्या जागेत हवा राहते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, ते तळाशी बसतं. त्या पाण्यावर जंतू वाढतात आणि काळा चिकट गाळ होतो. हे निष्काळजी लोकांच्या घरी.
सहा महिने, फार तर वर्षभर टिकतं, असंही लिहिलंय. लेखकाने आमची जिन्याखालची खोली पाहिलेली नाही.

११ फेब्रुवारी
कॅनवर यांनी पांढऱ्या चिकटपट्टीवर काहीतरी खरडून ठेवलं होतं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. नीटनेटकं दिसावं म्हणून वरून माझी लेबलं चिकटवली: राखीव. हात लावू नये.
सासूबाईंनी पलंगावरून विचारलं, खाली काय लिहिलं होतं गं? म्हटलं, काही नाही, तारीखबिरीख.

२० फेब्रुवारी
समोरचे रिटायर्ड साहेब नवा बॅटरीचा डबा दाखवायला आले. चाकं लावलेली, वर हँडल. म्हणाले, वहिनी, या जमान्यात डिझेल कोण साठवतं? याला आवाज नाही, वास नाही. ऑफिसात तीस वर्षं यांनीही आवाज न करता काढली, आणि कामही तेवढंच केलं. चहा दिला. दुसरा विचारला नाही.

२ मार्च
पुस्तक म्हणतं, साठा फिरता ठेवा. बरोबर आहे. सहावा कॅन नवा भरून आणला. तो पुढे ठेवला, पाच जुने मागच्या भिंतीला. दर महिन्याच्या दोन तारखेला त्या पाचांच्या जागा आपापसांत बदलायच्या. डावीकडचा उजवीकडे, मधला कोपऱ्यात. आज बदलल्या. कंबर धरली, पण शास्त्र पाळलं.
सासूबाई म्हणाल्या, फिरवायचं म्हणजे वापरायचं असेल. म्हटलं, आई, पुस्तक मी वाचलंय.

१४ मार्च
दुपारी अडीच तास लाईट नव्हती. जनरेटर पहिल्या झटक्यात सुरू. नव्या कॅनमधलं घातलं. जुनं काढावं इतकी काही आणीबाणी नव्हती.

२९ मार्च
परत गेली. चार तास. नव्यातलंच घातलं. चार तासांना आणीबाणी म्हणत नाहीत.
सासूबाई म्हणाल्या, माझ्या मुलाने ते मशीनसाठी भरलंय, म्युझियमसाठी नाही. आजारी माणसाचं मनावर घेऊ नये.

५ एप्रिल
कोपऱ्यावरचा मेकॅनिक जनरेटरचं ऑइल बदलायला आला होता. कॅन बघून म्हणाला, काकू, वर्ष झालं असेल ना? एक उघडून तळाचं बघू. गाळ असला तर फिल्टर तुंबेल. त्याच्या नखांत जेवढा गाळ आहे तेवढा माझ्या पाच कॅनमध्ये मिळून निघणार नाही. झाकणाकडे हात नेला त्याने. मी त्यावर माझा ठेवला.
उघडलं की हवा जाणार. ही झाकणं यांनी आवळलेली. यांचा हात भारी होता. स्वयंपाकघरातली बरणीसुद्धा अशी बंद करायचे की उघडताना पुन्हा यांनाच हाक मारावी लागे. हवाबंद याला म्हणतात. पुस्तकात ही पद्धत नाही.

११ एप्रिल
यांना जाऊन आज वर्ष झालं. विशेष काही नाही. कॅन पुसले. पाचही. धूळ नव्हती.

२ मे
जागा बदलल्या. तिसरा कॅन हलवताना आतून जरा जड आवाज आला. चांगलं लक्षण. डिझेल मुरतंय.

१८ मे
नव्या कॅनमध्ये चार बोटं उरलंय. उद्या भरून आणायचं.

१९ मे
ऊन फार. उद्या.

२३ मे
गुडघा. शिवाय पंपावरचा माणूस बायकांना कॅन भरून देताना असा चेहरा करतो, जणू आपण घर पेटवायला निघालोय.

३० मे
घरात शंभर लिटर राखीव असताना वीस लिटरसाठी एवढी धावपळ कशाला? ज्यांची तयारी नसते ते धावतात. समोरचे साहेब रोज सकाळी डबा चार्ज करतात. रोज! माझा साठा बघा, वर्षभरात एकदाही काही मागितलं नाही.

६ जून, संध्याकाळी
घडलं तसं लिहिते.
सकाळी अकराला लाईट गेली. जनरेटर लावला, चार बोटं डिझेल पाऊण तासात संपलं. मशीन स्वतःच्या बॅटरीवर गेलं आणि टुक टुक करायला लागलं. वीस मिनिटं. आता मात्र आणीबाणी, हे मी स्वतः ठरवलं.
झाकण उघडेना. फडकं धरून पाहिलं, गरम पाणी ओतून पाहिलं. सवयीने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यात एक मिनिट गेलं.
मेकॅनिकला बोलावून आणलं. मोठ्या पान्याने त्याने झाकण फिरवलं. आंबट वास आला. नरसाळ्यातून ओतताना आधी बरं दिसत होतं, मग चहाच्या गाळासारखे काळे तुकडे पडायला लागले. मी म्हटलं, ओत. तो म्हणाला, काकू, नको. मी म्हटलं, ओत. जनरेटर तीनदा खोकला आणि बसला.
आत गेले तर सासूबाईंचे ओठ फिकट. धापेतूनच म्हणाल्या, तुझ्या आणीबाणीला सांग, मी जरा घाईत आहे.
बॅटरीची सहा मिनिटं राहिली होती. तेवढ्यात समोरचे साहेब पायजम्यावरच डबा ओढत आले. उंबरठ्यावर चाक अडकलं, ते मी उचललं. मशीन लावलं. टुक टुक थांबली. सासूबाईंचा श्वास सुरळीत झाला तसा मी चहा ठेवला.
साहेब अडीच तास बसले, दोन चहा प्यायले, आणि एक शब्द बोलले नाहीत. हा माणूस इतका निर्दयी असेल असं वाटलं नव्हतं.

७ जून
मेकॅनिक टाकी धुवायला आला. फिल्टर हातात धरून दाखवला, डांबरात बुडवल्यासारखा. आणखी तीन कॅन उघडले. तिन्हींच्या तळाला पाणी, पाण्यावर काळी साय. भंगार तेल घेणारा एक आहे, तो नेईल म्हणाला. पाचवा उघडायला गेला तर म्हटलं, राहू दे, अंदाज आलाय.
एक कॅन पुसताना माझं लेबल भिजून सुटलं. खालची पट्टी दिसली. त्याने वाचलं आणि फिल्टरकडे बघत फडकं मागितलं. सासूबाईंनी आतून विचारलं, काय लिहिलंय रे? तो माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं, वाच. लपवण्यासारखं काय आहे?
त्याने मोठ्याने वाचलं: सहा महिन्यांत संपवणे. ही साठवत बसेल. ऐकायचं नाही.
सासूबाई इतक्या हसल्या की नाकातली नळी निघाली. मी ती बसवून दिली.
ते वाक्य मी फेब्रुवारीत वाचलं होतं. अक्षर वाईट होतं, एवढंच तेव्हा लिहिलं.

९ जून
नवा कॅन काठोकाठ भरून आणला. पंपावरच्या माणसाने तोच चेहरा केला. दर रविवारी जनरेटर पंधरा मिनिटं चालवायचा, हे ठरवलं.
साहेबांकडे डब्याची किंमत विचारायला गेले होते. तिसरा चहा त्यांनी पाजला.
बाकीचे चार भंगारवाल्याने नेले, पाचवा कॅन जिन्याखालीच आहे. अभ्यासासाठी. त्यावरचं माझं लेबल मी स्वतः सोलून काढलं. खालच्या पट्टीवर डिझेलचा ओघळ आलाय, वाक्य वाचता येतं, तारीख पुसली गेली आहे. म्हणजे सहा महिने कधीपासून मोजायचे, हे आता कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही. शास्त्रात असं होतं.
सासूबाईंना हे समजावून सांगितलं. डोळे मिटूनच म्हणाल्या, मला विचार, तारीख मला पाठ आहे. तो जायच्या नऊ दिवस आधीची.
विचारलं नाही. मलाही पाठ आहे.
मेकॅनिकला उद्या यायला सांगितलंय. पाना घेऊन.