गाठ कोणाची होती

रविवार, संध्याकाळ

भिलाई-३ कडच्या तलावावर दोघादोघांच्या जोडीनं मासे धरायची स्पर्धा होती. माझ्या गळाची गाठ सकाळी यायनंच, माझ्या नवऱ्यानंच, मारली होती, हे आधी लिहून ठेवते. नवी टोपी घालून नवरोबा दिवसभर मले शिकवून राहिले. स्वतःच्या गळाले बोटभर मासोळी नाही. मले मोठी कतला मासोळी लागली, तर यायनं माझ्या हातची छडीच हिसकली. गाठ सुटली, मासा गेला, कप गेला.

पंचासमोर म्हणतात, "हिची गाठ कच्ची होती."

माझी गाठ?

निघताना पंचानं विचारलं, "पुढच्या वेळी हीच जोडी?"

"माझं नाव लिहा," मी म्हटलं. "जोडीले शेजारच्या सुनंदाबाई."

हे हसले. पंचानं लिहून घेतलं.