भोंगा व्हायच्या आधी

प्रिय आई,

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच. तरी लिहिते आहे. तू भादव्यात गेलीस तेव्हापासून तुझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. आज बोलावंच लागतंय, कारण काल कणगीमागे मेलेला उंदीर सापडला आणि आज पहाटेपासून माझी काशी तापाने फणफणली आहे. तिच्या काखेत गाठ आली आहे. पाच वर्षांची पोर ती!

कामावर जाताना हे म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. दोन दिवस बघू." इथे धुळ्यात ऐन कापसाचे दिवस, जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर यांची नोकरी. घरात प्लेग आहे हे लोकांना कळलं तर घर रिकामं करायला लावतील, आत ऊन शिरावं म्हणून कौलं उतरवतील, गावाबाहेर झोपड्यांत नेऊन बसवतील, ही यांची भीती. ऐकताना वाटलं, हे बोलत नाहीत, तूच बोलते आहेस.

अमळनेरचं आपलं घर आठवतं ना, जिनाच्या भिंतीला लागून? मी आठ वर्षांची होते. माझा भाऊ बापू दोन दिवसांच्या तापात गेला. मी हंबरडा फोडायला तोंड उघडलं आणि तू त्यात पदराचा बोळा कोंबलास. "आते रडू नको, बेटा. गल्लीले समजी जाई. भोंगा वाजी तवय रडजो."

आबांनी पोटच्या पोराला पोत्यांखाली झाकून गाडीतून शेतावर नेलं आणि पुरलं. आपण दोघी चुलीपाशी बसून राहिलो, जिनाच्या संध्याकाळच्या भोंग्याची वाट बघत. भोंगा झाला तशी तू मला छातीशी ओढलंस. काय रडलो गं आपण! भोंगा थांबला, तू डोळे पुसलेस आणि भाकरी थापायला घेतलीस.

आई, त्याच दिवशी गल्लीला कळू दिलं असतं तर? घर सोडून मोकळ्या रानात गेलो असतो तर? आठव्या दिवशी आबा गेले. मग लपवायला कुणी उरलंच नाही. ज्या झोपड्यांना तू एवढी भ्यायचीस, तिथेच आपण दोघी महिनाभर राहिलो आणि जगलो. त्यावर तू जन्मात कधी एक अक्षर काढलं नाहीस. मीही विचारलं नाही. आता विचारते आहे, रागावू नकोस.

तेव्हापासून माझं काय झालं, ते तुला ठाऊक होतं का? माझे डोळे माझे राहिले नाहीत, भोंग्याचे झाले. इथेही जिनाचा हंगाम सुरू झाला की रोज संध्याकाळच्या भोंग्याला, हसतबोलत भाजी चिरताना, डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहतं. मनात दुःख नसतं, काही नसतं. सासूबाईंना वाटतं, चुलीचा धूर. आणि खरं दुःख येतं तेव्हा डोळे ठक्क कोरडे! तू गेलीस पावसाळ्यात, जिन बंद. तुझ्या उशाशी बसले होते, तर ठकूमावशी सगळ्या बायांदेखत म्हणाली, "सगी माय मरनी, अन् पोरना डोयाम्हा पानी नही." मी मान खाली घातली. काय सांगणार होते, भोंगा झाला नाही म्हणून?

वाटायचं, हे माझ्यापाशीच संपेल. पण आठ दिवसांपूर्वी काशी उंबऱ्याला अडखळून पडली. गुडघा फुटला. तिने ओठ घट्ट मिटले, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, भोंगा कधी होईल?"

मी तिला काही शिकवलं नव्हतं. रोज संध्याकाळी आईकडे बघत होती, तेवढ्यावर शिकली.

आत्ताही समोर पडली आहे. काखेला हात लागला की सगळं अंग आखडतं, पण आवाज नाही. सासूबाई कौतुकाने म्हणतात, "पोर शहाणी शे." शहाणी! तान्ही होती तेव्हा कसा टाहो फोडायची. शब्द नव्हते तिच्याजवळ, रडूनच बोलवायची, आणि सगळं घर धावायचं. रडणं त्यासाठीच असतं ना, आई? कुणीतरी यावं म्हणून? आणि आपण दोघी नेमक्या कुणालाच ऐकू जाणार नाही अशा वेळी रडलो.

तुझा राग येतो आणि तुझी कीवही येते. तुलाही कुणी रडू दिलं नव्हतं.

उन्हं कलली आहेत. भोंगा झाला की हे घरी येतील, आणि आले की दाराला आतून कडी लागेल. काशी वाचेल की नाही, मला सांगता येत नाही. ही गाठ मी ओळखते, बापूलाही अशीच होती. पण घरात सासूबाई आहेत, हे आहेत, भिंतीपलीकडे शेजारणीची तीन लेकरं आहेत.

म्हणून तुला वचन देते, आज मी भोंग्याची वाट बघणार नाही. हा कागद ठेवते, दार सताड उघडते आणि गल्ली गोळा होईपर्यंत ओट्यावर उभी राहून ओरडते. डोळ्यांत पाणी आलं तर आलं, नाही तर कोरड्या डोळ्यांनी ओरडेन. आणि काशीला मांडीवर घेऊन सांगेन, रड माझे बाई, आत्ता रड.

तुझी,
गोदू