कुकाऱ्याला ओ

आये,

आज इअरफोनची वायर मी विळीवर कापली. तुझी नात, जी तुझ्या माघारी जन्मली, ती पडवीत तोंड फुगवून बसली आहे. घाईघाईत लिहितेय, म्हणून अक्षर असं आलंय. हसू नकोस.

तुला मुळापासून सांगायला हवं, कारण मोबाइल तू कधी बघितला नाहीस. हल्ली प्रत्येकाच्या हातात काचेची पाटी असते. तिच्यात बोलणं, गाणी, सिनेमे, सगळं जग. पोरं एकदा का तिच्यात डोळे घालून बसली की जेवणाचंही भान राहत नाही. माझा जुना मोबाइल काच तडकून कपाटात पडला होता आणि पोरीला तर गाण्याचं भलतंच वेड. म्हणून मी डोकं चालवलं. सिमकार्ड काढलं, आतलं होतं नव्हतं ते पुसलं आणि फक्त गाणी भरली. शाळेतल्या कविता, आरत्या, दशावतारातली पदं. कट्टा गावच्या बाजारातून इअरफोन आणले, जुन्या परकराची पिशवी शिवून मोबाइल तिच्या गळ्यात अडकवला. ना चित्रं, ना खेळ, नुसतं गाणं. मग आठवडाभर ओरोसच्या ऑफिसात ज्याला त्याला हे सांगत फिरले. स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घ्यायची ही सवय तुझ्याकडूनच आलीय, उगाच नाही म्हणू नकोस.

आज सुट्टी. मी मागल्या दारी बांगडे साफ करत होते. पोर खाडीवर शिंपल्या वेचायला गेलेली. ओहोटी होती, गुडघाभरही पाणी नव्हतं, म्हणून मी निर्धास्त. तेवढ्यात शेजारची काकी कुंपणावरून ओरडली, "गो, तुझा चेडू खंय आसा? माका रेवेर कोणतरी बसलेला दिसता. भरती लागली गो!"

आपल्या खाडीची खोड तुला माहीत आहे. भरतीचं पाणी आधी काठालगतच्या चरात शिरतं आणि मधली वाळूची रेव शेवटपर्यंत कोरडी राहते. तिथे बसलेल्याला वाटतं, अजून पुष्कळ वेळ आहे. मी खवल्यांनी भरलेल्या हातांनीच धावले. पोर आमच्याकडे पाठ करून रेवेवर बसली होती, मान डोलवत. मी कुकारा घातला. "कूऽऽऽ!" ओ नाही. पुन्हा घातला. काकीनेही घातला. पार पलीकडच्या काठावरून कुणा होडीवाल्याची ओ आली, पण माझं मूल आपलं मान डोलवतंय. आये, तिसरा कुकारा घालायला मी थांबलेच नाही.

चरात उतरले आणि मला तू दिसलीस. मी माझ्या पोरीएवढी आहे, गवताच्या उडवीमागे लपलेय, आणि तुझ्या कुकाऱ्यांना मुद्दाम ओ देत नाहीये. तोंडावर हात धरून हसतेय. तू शोधत आलीस, फाडकन एक वाजवलीस आणि मला पोटाशी धरून स्वतःच रडायला लागलीस. "कुकारो घातल्यार ओ देवक होयी. नायतर माका कसा कळतला, तू आसस काय नाय ता?" संध्याकाळी तू गुळाचं खाजं आणून हातावर ठेवलंस, तरी मी गाल चोळतच बसले होते. एवढ्याशा चेष्टेला इतका मार कशाला, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. आज चरातलं पाणी कमरेला लागलं तेव्हा ते वाटणं संपलं. माझी कंबर म्हणजे तिच्या गळ्यापर्यंत पाणी.

रेवेवर पोचले आणि मागून तिच्या कानातली वायर ओढली. ती दचकली. "आई, गाणा अर्धा ऱ्हवला ना!" मग भोवतीचं पाणी बघून मला बिलगली. तिला पाठीवर घेतलं. परतताना पाणी माझ्या छातीशी, पायाखाली वाळू सरकतेय, आणि बाईसाहेबांनी एक हात माझ्या गळ्यात घालून दुसऱ्या हाताने मोबाइल उंच धरलेला, भिजू नये म्हणून. काकीने हात देऊन काठावर ओढलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मी तिला मारलं नाही. घरी येऊन वायर कापली आणि तुझंच वाक्य, तुझ्याच शब्दांत, तिला सांगितलं. मोबाइल परत दिलाय. आता तो उघड्यावर वाजणार आणि अख्ख्या वाडीला तेच ते गाणं ऐकावं लागणार.

इथवर लिहून उठले होते, दिवा लावायला. मग मागल्या दारी गेले. खाडी काठोकाठ भरली होती, रेव कुठे होती तेही कळत नव्हतं. मला काय झालं कुणास ठाऊक, पाण्याकडे तोंड करून मी एक कुकारा घातला. तुला. आणि खुळ्यासारखी वाट बघत उभी राहिले.

पडवीतलं गाणं थांबलं. रुसलेल्या आवाजात ओ आली, "ओऽऽ! हयच आसंय, आई!"

"बरा," मी म्हटलं.

कुकारा तिला नव्हता, हे मी तिला सांगितलं नाही.