समोरच्याला बरं वाटेल ते

२ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचा. दोन बॅगा, एक उशी (मला माझीच लागते) आणि ही नवी वही.

खोली लॅबच्या वरच्या मजल्यावर आहे. एकोणीस पायऱ्या, सगळ्या सारख्या उंचीच्या, आल्या आल्या मोजून घेतल्या. खिडकी एकच आणि ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, म्हणजे बघण्यासारखं काही नाही. माझ्यासाठी कुणी मुद्दाम शोधली असती तरी इतकी चांगली खोली मिळाली नसती. खाली दातांची लॅब. डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवतात, आम्ही त्यावरून कवळ्या करतो. लोक एकमेकांचे दात घशात घालतात, आम्ही ते परत तोंडात बसवतो. आधीच्या लॅबमध्ये नऊ वर्षं हेच केलं, ती बंद पडली म्हणून इथे. मेणात दात लावायचं काम पूर्णपणे माझ्याकडे, त्यात कुणी नाक खुपसणार नाही, असं मालकांनी कबूल केलं आहे. शेजारच्या टेबलावर एक बाई बसतात, त्यांना सगळे मावशी म्हणतात. त्यांचे हात आणि तोंड एकाच वेळी चालू होतं. पहिल्या तासातच मला त्यांच्या गुडघ्याची, सुनेची आणि सुनेच्या आईच्या गुडघ्याची इत्थंभूत माहिती मिळाली.

ताईला फोन केला. आई गेल्यावर मला मोठ्या बहिणीनेच वाढवलं. जागा कशी आहे, असं तिने विचारलं. मी सांगितलं, एकोणीस पायऱ्या. ती हसली, म्हणजे तिला कळलं. बावीस मार्चला ती बघायला येणार आहे. सदतीस वर्षांच्या माणसाने असं लिहावं की नाही माहीत नाही, पण मला फार आनंद झाला आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पॉलिशचं यंत्र आज सुरू झालं. त्याचा आवाज कानात जात नाही, थेट दाढेत शिरतो. दोनदा आत जाऊन आलो.

‘आत’ म्हणजे काय ते एकदा लिहून ठेवतो. वडील पाणीपुरवठ्यात पंपावर होते. सहा वर्षांचा असताना ते मला पंपघरात घेऊन गेले. तिथे एकच सूर होता, वर नाही की खाली नाही, आणि पायाखाली गार ओली फरशी. पुढे शाळेत गोंगाट झाला की मी बाकावर बसल्या बसल्या, डोळे उघडे ठेवून, तिथे जायला लागलो. वर्षभराने डॉक्टरांनी कागदावर ऑटिझम असं लिहून दिलं, पण पंपघर त्याच्या आधीचं आहे. एकतीस वर्षांत ते हळूहळू पक्कं बांधत आणलं. हिरवं लोखंडी दार, दारावर चाक. अकरा वेळा फिरवलं की उघडतं. आतून बाहेर यायलाही अकराच.

लहानपणी ज्या केंद्रात शिकायला जायचो तिथल्या आम्हा चौघांपैकी तिघांकडे असं काही ना काही होतं. एका मुलीकडे कुठेच न थांबणारी लिफ्ट होती. एकाकडे बोगदे होते, त्याला मी अजून बोगदेवालाच म्हणतो. तो महिन्याला एक ईमेल पाठवतो आणि त्यात फक्त बोगद्यांची लांबी असते. दमलेला माणूस घरी जातो, तितकंच साधं आहे हे. आमचं घर आम्ही बरोबर घेऊन फिरतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

मावशींनी मालकांकडे तक्रार केली की नव्या माणसाशी बोलताना भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. मालक समजुतीने बोलले, पण बोलले. काम उत्तम आहे, जरा माणसांत मिसळा, असं म्हणाले. हे वाक्य मी आधीच्या नोकरीत चौदा वेळा ऐकलं होतं.

उपाय काढला. सात वाक्यं कागदावर लिहून पाठ केली. हो ना. काय सांगता. मग पुढे? काळजी घ्या. तुमचंच बरोबर आहे. चालेल. बघू उद्या. मी आत असताना ती कुणीतरी म्हणायला हवीत, म्हणून दाराबाहेर एक माणूस उभा केला. चेहरा माझाच दिला, दुसरा कुठून आणणार. नाव ठेवलं उत्तरवाला. दुपारी मावशी पंचवीस मिनिटं काहीतरी सांगत होत्या, त्यातलं अक्षर मी ऐकलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या की तुमच्याशी बोलून हलकं वाटलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सात वाक्यं पुरत नाहीत. मावशींनी आज सांगितलं की त्यांचा भाऊ वारला. उत्तरवाला म्हणाला, चालेल.

त्यांचा चेहरा उतरला. मी घाईघाईने बाहेर आलो, पण तोपर्यंत त्यांनी पाठ फिरवली होती. मला इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही. यादी वाढवावी म्हटलं तर तिला अंत नाही, माणसं कधी काय सांगतील याचा नेम नसतो. म्हणून कागद फाडला आणि उत्तरवाल्याला एकच नियम दिला. समोरच्याला बरं वाटेल ते बोल, बरं वाटेल ते कर. नियम एकच असला की मला निर्धास्त वाटतं.

संध्याकाळपर्यंत मावशींचा राग गेला होता. त्याने त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन आला तेव्हा मी आत होतो. एरवी असं झालं की ती काहीच बोलत नाही. नुसती गप्प बसून राहते, कितीही वेळ, आणि त्या शांततेच्या धाग्याने मी बाहेर येतो. ही युक्ती जगात फक्त तिलाच येते. आज तिला गप्प बसावंच लागलं नाही. उत्तरवाल्यानेच फोन घेतला होता. मी बाहेर आलो तेव्हा ती म्हणत होती की आज तू पहिल्यांदा मला विचारलंस, जेवलीस का म्हणून.

मी फोन ठेवला. बरंही वाटलं आणि नाहीही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

माझ्या तीन कवळ्या परत आल्या. डॉक्टरांचं म्हणणं, दात इतके सरळ रेषेत आहेत की खोटे दिसतात. मी रेघेवरच लावतो, केसभरही फरक नसतो, नऊ वर्षांत कुणी तक्रार केली नव्हती. मालकांचा चेहरा पाहून मी आत गेलो.

बाहेर आलो तर तिन्ही तयार होत्या. डावा सुळा जरा वळलेला, पुढचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला. खऱ्या तोंडात असतात तशा वाकड्या. हात माझेच, मेणही माझ्याच नखांत होतं. मालकांनी सगळ्यांना बोलावून दाखवल्या.

मी असे दात लावू शकत नाही. मला ते बघवतही नाहीत.

३ मार्च, मंगळवार

बाहेर यायला चाक सोळा वेळा फिरवावं लागलं.

मालकांनी पगार वाढवायचं म्हटलं. मावशी माझ्यासाठी डबा आणतात. त्या म्हणाल्या, तुम्ही हसता तेव्हा किती वेगळे दिसता. मी कधी हसलो ते मला आठवत नाही. समोर कुणी नसलं की उत्तरवाला रिकामा असतो, तेव्हा मला बाहेर येता येतं. म्हणून ही वही आता वर खोलीत, दार लावूनच लिहितो. ताई येईल तेव्हा मात्र मी स्वतः बाहेर असायला हवं. एवढं एक झालं की बाकी काही गेलं तरी चालेल.

९ मार्च, सोमवार

उत्तरवाल्याला मोडायचं ठरवलं. मीच उभा केला, मीच मोडणार. दारापाशी जाऊन सांगितलं, आता पुरे. तो म्हणाला, हो ना, तुमचंच बरोबर आहे. आणि तिथेच उभा राहिला.

बोगदेवाल्याला लिहून विचारलं की तू कधी दाराशी कुणाला ठेवलं होतंस का. तासाभरात उत्तर आलं. वीस वर्षांत त्याने तासाभरात उत्तर दिलेलं नाही. लिहिलं होतं, कसा आहेस रे? मजेत ना? तुझी फार आठवण येते. एकदा भेटूया, गप्पा मारूया.

बोगद्यांबद्दल एक शब्द नव्हता. मी परत लिहिलं, सर्वांत लांब बोगदा किती. उत्तर आलं, तुला बरं वाटेल तेवढा.

१५ मार्च, रविवार

सत्तावीस वेळा.

पंपघरात खुर्ची आहे. मी कधी ठेवली नव्हती, मी फरशीवर बसतो. तो आत आला होता तर. बाहेर समोर कुणी नसलं की आता तो मला समोरचा धरतो. म्हणाला, कशाला त्रास करून घेता. इथे सूर आहे, गार आहे. बाहेरचं मी बघतो. बरं वाटतंय ना?

खोटं कशाला लिहू, बरं वाटत होतं.

१८ मार्च, बुधवार

दोन दिवस गेले, मला माहीत नाहीत. बत्तीशी पूर्ण झालेल्या सहा कवळ्या टेबलावर. सगळ्या वाकड्या. भीती वाटायला हवी. शोधली, सापडली नाही. हात थंड आहेत एवढंच.

चाळीसपर्यंत मोजलं, मग आकडा चुकला. माझा आकडा कधी चुकत नाही.

२० मार्च, शुक्रवार

ताईचा फोन. मी ऐकत होतो, दाराच्या मागून. ती मध्येच गप्प झाली. आपोआप झाली की माझ्यासाठी, माहीत नाही. मी चाक धरलं. फिरवायला लागलो —

त्याने ती शांतता राहू दिली नाही. लगेच काहीतरी गमतीचं बोलला. ती हसली.

चाक हातात तसंच राहिलं.

२१ मार्च, शनिवार

आता फक्त उजवा हात. तोही मनगटापर्यंत. लिहिता येतंय तोवर —

उद्या ती येणार. तोंड नसलं तरी वही आहे. वही तिला द्यायची. ती वाचेल, मग गप्प बसेल. कितीही वेळ बसेल ती.

२२ मार्च, रविवार

ताई आली. समोर बसली आहे. उघड्या दारातलं सकाळचं ऊन तिच्या खांद्यावर. वही टेबलावर, माझ्या हाताखाली.

तो तिला पाठदुखीबद्दल विचारतो आहे. तिला पाठदुखी आहे हे मला —

ती रडते आहे. म्हणाली, तीस वर्षं वाट पाहिली रे, तू असं बोलशील म्हणून. म्हणाली, आता मी डोळे मिटले तरी काळजी नाही.

तिला बरं वाटतंय. इतकं बरं मी तिला कधीच —

विचारलं तिने, काय लिहितोस एकसारखं. तो म्हणाला, काही नाही गं, कामाच्या नोंदी. ती म्हणाली, दाखव की.

दिली तर तिचा हा चेहरा जाईल. परत कधीच येणार नाही. माझ्यामुळे जाईल.

दिली. मी सरकवली तिच्याकडे. मीच.

त्याच्या डाव्या हाताने वही परत ओढून घेतली. हसतो आहे तो. तिला म्हणतो, अक्षर बघून हसशील. ती म्हणाली, बरं, राहू दे. तुझं तुझ्यापाशी असू दे.

नको. ताई, ओढून घे. गप्प बस एकदा, एक मिनिट गप्प — तो तुला बोलत ठेवेल — ताई, समोर बसलाय तो मी नाही, मी