गुलाबांचं मेणकापड

मिडल्सब्रो
रविवार, १७ नोव्हेंबर १९९६

प्रिय डोरीन,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. माझी कबुतरं ठीक, एकोणीस उरलीत.

गेल्या महिन्यात नऊ वर्षांनी फुटबॉलच्या मॅचला गेलो. नव्या मैदानात सगळ्यांना खुर्च्या, डोक्यावर कॅमेरे. शेजारच्या बाईला म्हणालो, "आमच्या वेळी इथं येणाऱ्या पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांची हाडं मोडायची." ती म्हणाली, "तुमच्या वेळी मी घरात बसायचे, साहेब. तुमच्यामुळेच."

असो. वकिलाचं ऑफिस बंद झालं, म्हणून त्यांनी माझ्या खटल्याचे कागद परत पाठवले. तीनदा वाचले. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, तरी कागद वाचायला मला कुणी लागत नाही.

माझी वही तुला आठवत असेल. मॅचच्या दिवशी आमच्या टोळीनं केलेल्या एक्केचाळीस मारामाऱ्या, तारीख, गाव, कोण कोण होतं. एकही चूक नाही. सरकारी वकिलानं कोर्टात कौतुकच केलं आणि तिच्यावरूनच आम्ही सातजण आत गेलो.

पोलीस २६ मार्च १९८७ला पहाटे आले ते थेट कबुतरखान्यात. परत आलेल्या कागदांत पोलिसाच्या जबाबात लिहिलंय : 'वही तिसऱ्या खुराड्यामागे, गुलाबाची फुलं असलेल्या मेणकापडात आहे, अशी खबर होती.'

जागा टोळीतल्या क्लिफला माहीत होती. पण तो आधीच्या नाताळनंतर आमच्यात आलाच नाही. लग्न ठरलं होतं त्याचं. आणि ते मेणकापड तू मला वही गुंडाळायला दिलंस ते फेब्रुवारीत. तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं. तेव्हा म्हणालीस, "दादा, एक दिवस कुणीतरी मरेल रे." मी हसलो होतो.

तुला एक कधी सांगितलं नाही. जामिनावर असताना दारूच्या गुत्त्यात मी पोरांना एवढंच विचारलं, "क्लिफ हल्ली दिसत नाही, का बरं?" नाव घेऊन आरोप केला नाही. करायची गरज नव्हती. पोरांनी त्याला गाठून मारलं. क्लिफ सुतार होता. त्याचा उजवा हात आता पेलाही धरत नाही.

एक्केचाळीस नोंदी पडताळल्या, तेवढं एक वाक्य नाही पडताळलं.

शनिवारी सकाळी दहाला क्लिफकडे जाणार आहे. माझं वाक्य सांगेन. तुझं नाव घेणार नाही. पण तू यावंस. साडेनऊला बसथांब्यावर उभा असेन. नाही आलीस तर नाताळला माझं ताट मांडू नकोस.

खाली 'तुझा दादा' लिहायची सवय आहे. आज लिहीत नाही, शनिवारपर्यंत थांबतो.

नॉर्मन