हललेला ठिपका

ती. दाजींना साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त मनातल्या मनात). आपला गुडघा कसा आहे? आक्काचा खोकला? माझी प्रकृती ठीक, डोकं मात्र फिरलं आहे.

मी वेधशाळेच्या तळघरात नेमकं काय करतो हे तुम्ही दर भेटीत विचारता आणि मी सांगू लागलो की तुम्हाला डुलकी लागते, म्हणून लिहून कळवतो. आकाशाच्या एकाच तुकड्याचे काचेवर घेतलेले दोन फोटो, एक जुना, एक नवा, मी आळीपाळीने भिंगाखाली बघतो. तारे म्हणजे काळे ठिपके. लांबचे सगळे जागच्या जागी. जवळचा असेल तो मात्र सरकलेला दिसतो. (दारासमोरचा सायकलवाला सर्रकन जातो, लांबच्या टेकडीवरचा हलता हलत नाही, तसं.) यात डोळ्यांची वाट लागली आणि परवा एका ठिपक्याने चक्क उडी मारली. इतका जवळचा तारा आणि आजवर कुणाच्या खिजगणतीत नाही! मी साहेबांकडे धावलो (कंबर तेव्हाच धरली). साहेबांनी भिंगाला डोळा लावला आणि म्हणाले, "दोन्हीकडे धूळ आहे. पुसा."

धूळ म्हणे! मधल्या वर्षांची काच आणा, ठिपका दोन्ही जागांच्या मध्ये सापडला तर तारा, नाहीतर महिनाअखेर नोंद खोडतो, असं वर सुनावलं. कोठारात गेलो, तर कोठारवाला थंडपणे म्हणतो, जागा अडत होती, मधल्या काचा भंगारात काढल्या. भंगारवाला म्हणतो, कुणी गृहस्थ घासाघीस करून अख्खं खोकं खिडकीसाठी घेऊन गेले. दाजी, आकाश उचलून खिडकीला लावणारा हा माणूस किती अक्कलशून्य, किती चिक्कू आणि किती दगड असेल! त्याच्या बायकोची मला मनापासून कीव येते.

आपला मेहुणा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच आक्काचा फोन आला. न्हाणीघराच्या खिडकीला तुम्ही ठिपक्याठिपक्यांच्या नक्षीच्या काचा बसवल्या म्हणे, अगदी स्वस्तात. दाजी, वरचा मजकूर रागाच्या भरात लिहिला गेला, तो वाचू नये. फोनवर तुम्ही येत नाही आणि आक्काचं ऐकत नाही, म्हणून लिहूनच विनवतो: त्या खिडकीत माझा तारा आहे. रविवारी पेचकस घेऊन येतो. वाफेने काचेवरचा थर सुटतो, तोवर अंघोळ गार पाण्याने करावी.

पुन्हा ता. क. आक्काचा परत फोन. नक्षी मळकट वाटली म्हणून तुम्ही निम्म्या काचा सोडा लावून लख्ख घासल्यात. माझी काच त्या निम्म्यांत निघाली, तर वरचा मजकूर सावकाश, दोनदा वाचावा.