चिमणी कुठल्या रकान्यात?

२ तारीख, सकाळी
शाळेचा मेळावा २८ला. माजी विद्यार्थिनींची यादी शाळेच्या जुनाट कॉम्प्युटरसह माझ्या ताब्यात. चाळीस हजार नावं. यंदा चिमणीला शोधणारच. एका बाकावर बसायचो. नववीत अबोला धरला तो धरलाच. कारण देव जाणे. तिचं एक गुपित मी फक्त एकीच्या कानात सांगितलं होतं, तेही हळू.

३ तारीख
आधी स्वतःला शोधून पाहिलं. चहा करून पिऊन झाला तरी उत्तर नाही. सून कॉम्प्युटरचंच काम करते. म्हणाली, आई, तो पहिल्या नावापासून एकेक वाचत बसतो. पुस्तकामागे सूची असते ना, तसा इंडेक्स लावू. नावं क्रमाने, पुढे पानाचा नंबर, की थेट तिथेच. मी हळूच म्हटलं, एवढंच ना! खालच्या काकू धावत वर आल्या, काय झालं म्हणून.

५ तारीख
माहेरच्या आडनावावर इंडेक्स लागला. पापणी लवायच्या आत सापडले! मग एकावर का थांबा? जन्मतारीख, तुकडी, पिनकोड, असे एकूण अकरा लावून घेतले. सून नको म्हणत होती. या पिढीला नीटनेटकेपणाची हौसच नाही.

९ तारीख
नवं नाव भरलं की मशीन घुटमळतं. सून म्हणते, ते अकराही सूच्यांत जागच्या जागी बसवावं लागतं; सांगितलं होतं. मला आठवत नाही.

१४ तारीख
चिमणीचं आडनाव टाकायला बसले. आडनाव... बरं, नाव? आम्ही चिमणीच म्हणायचो. सून म्हणाली, तुम्हाला जे माहीतच नाही, त्यावरचा इंडेक्स काय कामाचा? टोपणनावाचा नवा रकाना काढू. साफ नाही म्हटलं. सिस्टरांच्या शाळेत असला पोरकटपणा नव्हता. मला तर टोपणनावच नव्हतं; मुली वचकून असायच्या.

१५ तारीख
टोपणनावाचा रकाना काढला, त्यावर इंडेक्सही. कल्पना माझी. बिनकामाचे दहा काढून टाकले, तीही माझीच. सगळ्यांना फॉर्म पाठवला: स्वतःचं टोपणनाव भरा, मैत्रिणींचीही भरा. यादीत शोधायची सोय दिली.

२१ तारीख
चिमण्या सतरा. सतराही जणींना फोन केले. आमची एकही नाही. अजून रागावलीये. जेवण गेलं नाही.

२६ तारीख, दुपारी
चिमणीचा फोन! तिनेच मला शोधलं. माझं आडनाव तिलाही आठवेना, म्हणून टोपणनाव टाकलं. क्षणात मी. कोणतं टोपणनाव, विचारलं.
भोंगा.
एकोणतीस जणींनी भरलंय म्हणे.
येतेय. माझ्याच शेजारी बसणार. अट एकच, माईक माझ्या हातात द्यायचा नाही. भाषणाची सात पानं तयार होती. हो म्हटलं, अगदी हळू.
खालच्या काकू वर येऊन अभिनंदन करून गेल्या.